इंजिन एकसारखं चालू लागलं तेव्हा

एकसारख्या, शांत चालणाऱ्या इंजिनाचा आवाज कानावर आला की मी आजही हातातलं काम टाकून उठतो. खडखडणाऱ्या गाडीची लोकांना धास्ती वाटते, मला न खडखडणारीची वाटते. मी डॉक्टर. निदान करणं हा माझा धंदा, आणि त्यात माझा हात धरणारा ठाण्यात कुणी नाही असं मी तिशीत मनापासून मानत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला माझा राग करताना संकोच वाटायला नको.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. टेंभी नाक्याजवळ माझा दवाखाना होता. पुढे दवाखाना, मागे राहतं घर, आणि अंगणाच्या कडेला घरमालकाचा जुना टांग्याचा तबेला. घोडा मेला, टांगा विकला गेला आणि तबेला मला गाडी ठेवायला मिळाला. गाडी म्हणजे लढाईच्या आधीची, विलायती, चार माणसांची. एक इंजिनिअर रिटायर होऊन पुण्याला निघाले होते, त्यांच्याकडून ती मी घेतली. माझे पेशंट पार कळवा, मुंब्रा, शीळफाटा करत मानपाड्यापर्यंत आणि तिथून डोंबिवलीपर्यंत पसरलेले होते. सायकलवर आणि बैलगाडीत बसून डॉक्टरकी किती दिवस करणार?

गाडी पळताना झकास पळायची. तिचा आजार उभं राहण्याचा होता. पाय उचलला आणि इंजिन स्लोवर सोडलं, म्हणजे नुसतं जागेवर चालू ठेवलं, की ते आपसूक गुर्र करून चढायचं. मग उतरायचं. पुन्हा चढायचं, पुन्हा उतरायचं. मी ॲक्सिलरेटरला पायही लावलेला नसायचा. असं पाच-सात वेळा झालं की एक आचका देऊन बंद. मग उतरा, हँडल मारा, सदरा घामानं भिजवा. एकदा मानपाड्याच्या पुढे एक बाळंतीण अडली म्हणून निरोप आला, आणि गाडी शीळफाट्यावर बंद पडली ती अर्धा तास हलली नाही. मी पोचलो तेव्हा बाळ-बाळंतीण सुखरूप होती आणि सुईण माझ्याकडे बघून हसत होती. मीही हसलो. पण परत येताना एकच विचार येत राहिला. सुईण हुशार नसती तर?

आता खरं म्हणजे गाडी सरळ मेकॅनिककडे न्यावी. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी आधी स्वतःच तपासणी केली. स्टेथोस्कोप घेतला, इंजिनावर ठिकठिकाणी टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिलो. ‘ठोके अनियमित आहेत’ असं मी बायकोला गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, “ते मला स्वयंपाकघरातूनही कळतंय.” दुसऱ्या दिवशी एका वकिलांच्या छातीवर काळ्या ऑइलचा गोल शिक्का उमटला, तेव्हा माझी ती तपासणी थांबली.

मग मिस्त्री आले. मानपाड्याकडचे, आगरी समाजातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. भाऊ भातशेती बघत होते आणि हे लढाईच्या काळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ट्रक दुरुस्त करायला शिकले होते. आता गावाबाहेर एका चिंचेखाली वीटभट्टीच्या लॉऱ्या उघडायचे. त्यांची कामाची रीत मला फार आवडली. आल्या आल्या पान्याला हात नाही. इंजिन चालू करायला सांगायचं, बाजूला उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे आणि दहा-पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं. मी काही सांगायला गेलो तर हात वर केला.

“आदी आयकूं द्या, डाक्टर. मंग बोलू.”

पेशंटला बोलू न देणारे डॉक्टर मी पाहिले होते. डॉक्टरला बोलू न देणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. माझ्यातल्या वैद्याला वाटलं, हा आपल्या जातीचा.

पण ऐकायचं कसं? तबेल्याला लागून पिठाची गिरणी होती. श्रावण होता, सणासुदीची दळणं, गिरणीचं इंजिन सकाळपासून फट-फट-फट. त्यात आमच्या इंजिनाचे बारीक चढउतार बुडून जायचे. पहिला दिवस, तो रविवार, प्लग घासण्यात, पॉइंट साफ करण्यात, कार्ब्युरेटरचे जेट तोंडानं फुंकण्यात गेला. काही फरक नाही. मिस्त्री वैतागले. “ह्या गिरनीच्या आवाजान काय समजंना मना,” म्हणाले.

उपाय मी सुचवला. मीच. तबेल्याची दोन्ही दारं लावून घेतली. मागच्या भिंतीतला झरोका पोत्यानं बुजवला. दारांच्या फटीत गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या. पाऊस आत येत होता तोही थांबला. आत कंदील लावला आणि इंजिन चालू केलं, तर काय सांगू, गिरणी नाहीशी झाली! इंजिनाचा श्वास अन् श्वास ऐकू यायला लागला. मिस्त्री खूष. “हा, आता कसा! डाक्टरांचा डोका ते डाक्टरांचा डोका,” असं ते म्हणाले, आणि मी फुगलो.

दुसरा दिवस सोमवार. मिस्त्रींचा श्रावणी सोमवारचा उपास होता. सकाळी त्यांनी चोक अर्धा ओढला, म्हणजे इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाऊ लागलं. त्याबरोबर चढउतार जवळजवळ थांबला. चोक सोडला की पुन्हा सुरू. मिस्त्रींनी निदान सांगितलं, त्यांच्या आगरी बोलीत, जिथं गाडीची ‘गारी’ होते आणि सापडलेलं ‘सापरतं’.

“गारी हवा खाते, डाक्टर. कंचा तरी सांधा फुटलाय. बारीकसा. तिथून चोरून हवा ओढते. तो सांधा सापरला का झाला.”

आता तो सांधा शोधायचा तर इंजिन चालू पाहिजे. कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या पाइपाच्या एकेका जोडावर ओलं फडकं दाबायचं आणि आवाज बदलतो का ते ऐकायचं. फडकं भोकावर बसलं की आवाज बदलणार. कामाची ही पद्धत बिनचूक होती, आजही आहे. फक्त त्याला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ इंजिन चालू राहतं. कधी चोक ओढलेला, कधी सोडलेला. बंद तबेल्यात.

मी अधूनमधून आत जायचो, पाच-दहा मिनिटं उभा राहायचो आणि दवाखान्यात परत यायचो. दुपारी माझं डोकं दुखायला लागलं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. मिस्त्रींचं तर फारच. बाहेर येऊन ते अंगणातल्या दगडावर बसले आणि ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी.

“डोका जर झालाय. घुमल्यासारखा होतंय,” ते म्हणाले.

मी त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळे पाहिले. आणि निदान केलं: पित्त.

हे तुम्हाला हास्यास्पद वाटत असेल तर तुम्ही आपल्याकडच्या घरात वाढलेले नाही. आमच्याकडे डोकं दुखलं, पित्त. ओकारी झाली, पित्त. राग आला, पित्त. त्यात माणूस उपाशी, पोटात काळा चहा, वर श्रावणाची दमट हवा. शंका घ्यायला जागाच नव्हती. माझी स्वतःची डोकेदुखीही मी पित्तातच जमा केली. बायकोनं दोघांना कोकम सरबत दिलं. मोकळ्या हवेत अर्धा तास बसल्यावर मिस्त्रींना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं श्रेय कोकमाला गेलं.

सरबताचे पेले नेताना बायको म्हणाली, “ती दारं उघडा हो थोडी. मी बोलवायला आले तर डोळे चुरचुरले. किती कोंदट झालंय आत.”

“दारं उघडली की गिरणी ऐकू येते,” मी म्हणालो. मिस्त्रींनीही मान डोलावली.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. मागून इंजिनाचा आवाज येत होता. गुर्र, चढला. उतरला. चढला. उतरला. मी पेशंट तपासत होतो आणि एक कान तिकडे होता. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याला हात लावलेला असताना तो आवाज अचानक बदलला. चढता चढता थांबला, जरासा खाली आला आणि स्थिर झाला. एकसारखा. मी श्वास धरून ऐकलं. चढ नाही, उतार नाही, आचका नाही.

“सापडलं!” मी ओरडलो. म्हाताऱ्याला वाटलं त्याच्या गुडघ्यातलं काहीतरी सापडलं. तोही आनंदला.

त्याच वेळी उठून मागे जायला हवं होतं. मी गेलो नाही. म्हटलं, मिस्त्री ऐकत बसले असतील डोळे मिटून, त्यांना त्यांच्या विजयाची मजा घेऊ द्यावी. म्हाताऱ्याला औषध लिहून दिलं. मग खोकल्याची एक बाई पाहिली. मग पोटदुखीचा एक कारकून. दोन्ही पेशंट मी त्या आवाजाच्या आनंदात तपासले. कारकुनाला मी हसत हसत म्हणालो, “ऐका, ऐका. याला म्हणतात तब्येत!”

मग मी मागे गेलो आणि दार ओढलं.

कंदील मिणमिणत होता. इंजिन छान चालू होतं. मिस्त्री त्याच्या बाजूला जमिनीवर कलंडले होते. पाय उकिडवे बसल्यासारखेच दुमडलेले, गाल मातीला टेकलेला, हातात कपड्याच्या साबणाची वडी. पाइपाच्या खालच्या अंगाला, रंगाच्या थराखाली, केसाएवढी चीर होती. तिच्यात त्यांनी साबण भरला होता. भोक सापडलं, बुजवलं, आणि आपल्या रीतीनं डोळे मिटून ऐकायला बसले. ते मिटले ते मिटलेच.

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढलं. ओरडलो. बायको धावत आली. उजेडात त्यांचा चेहरा पाहिला. तो काळानिळा नव्हता, पांढरा नव्हता. गाल लाल होते. ओठ लाल होते. काळ्यासावळ्या, उन्हात रापलेल्या त्या माणसाचे ओठ नव्या नवरीसारखे लाल. आणि मला पुस्तकातलं ते पान दिसलं. नुसतं आठवलं नाही, दिसलं, डाव्या हाताचं पान, खालचा परिच्छेद. कार्बन मोनॉक्साइड. बंद जागेतला धूर. डोकेदुखी, ओकारी, गुंगी, लाल कांती. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मी तो पूर्ण लिहिला होता. काल याच अंगणात, याच दगडावर, तोच प्रश्न माझ्यासमोर बसून ओकला होता आणि मी त्याला कोकम सरबत दिलं होतं.

त्यांना पालथं घालून, पाठ दाबून श्वास देण्याची तेव्हाची पद्धत होती. किती वेळ दाबत होतो कोण जाणे. मनात एकच चाललं होतं, मी मारला, मी मारला. मग ते खोकले. ओकले. डोळे उघडले आणि मला म्हणाले, “सापरला, डाक्टर.”

मी तिथंच मातीत बसलो. बायकोनं आत जाऊन इंजिन बंद केलं. ते अजून चालूच होतं.

खरी लाज पुढे आहे. आतापर्यंतची चूक अडाणीपणाची होती. शिकलेल्या माणसाचा अडाणीपणा, पण अडाणीपणाच.

मानपाड्याला निरोप गेला आणि दुपारी मिस्त्रींची बायको दिराबरोबर आली. दिवस भरत आलेले, पोट पुढे, चालताना धापा टाकत होती. मिस्त्री दवाखान्यातल्या बाकावर पडले होते, डोकं धरून. भोवती पेशंट, गिरणीवाला, शेजारपाजारचे, सगळे उभे. तिनं मला विचारलं, “काय झाला ह्यांना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा दवाखाना जेमतेम तीन वर्षांचा. ठाणं तेव्हा केवढंसं! डॉक्टरनं स्वतःच्या तबेल्यात माणूस कोंडून धुरानं जवळजवळ मारला, ही बातमी संध्याकाळपर्यंत खाडीपलीकडे गेली असती. मी तोंड उघडलं, आणि त्यातून आलं, “पित्त. उपास, त्यावर अंगमेहनत. पित्त डोक्यात चढलं. उपास बंद करा. आणि यांना एकटं सोडू नका, पुन्हा चक्कर येऊ शकते.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. पित्तच ते. गिरणीवाल्यानं त्याच्या मेव्हण्याच्या पित्ताची गोष्ट सांगितली. माझी बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळे गेल्यावर म्हणाली, “उपास तर त्यांनी काल संध्याकाळीच सोडला होता.”

“डॉक्टर मी आहे की तू?” मी खेकसलो. ती आत निघून गेली.

मी स्वतःची समजूत काढली. आज माणूस हादरलेला आहे, सावकाश सांगू. शिवाय आता धोका कुठाय? ते तर चिंचेखाली, उघड्यावर काम करतात. भादव्यात येऊन त्यांनी गाडीला नवा पाइप बसवला तोही अंगणात. तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. घसा खाकरलासुद्धा. आणि म्हणालो काय, तर “मिस्त्री, मोकळ्या हवेत राहत जा.” हे मी दिवसातून दहा जणांना सांगायचो. त्यांनीही ते तसंच ऐकलं. मुलगी झाल्याचे पेढे आणले होते. मी दोन खाल्ले.

पौषात एकदा डोंबिवलीला पेशंट पाहायला निघालो. गाडी आता कुठंही उभी करा, स्लोवर तासभर राहायची. शीळफाटा मागे टाकला आणि मानपाड्यापाशी आलो तर चिंचेजवळ नवी शेड दिसली. छावणीतले जुने पत्रे, चारी बाजूंनी बंद, पुढे मोठं दोन फळ्यांचं दार. बाहेर पारावर एक लॉरी ड्रायव्हर विडी ओढत बसला होता. म्हटलं, वा, मिस्त्रींनी दुकान थाटलं, दोन मिनिटं भेटून जावं. गाडीतून उतरलो. शेडच्या दाराच्या फटींवर गोणपाटाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या.

आतून लॉरीच्या इंजिनाचा आवाज येत होता. चढत होता, उतरत होता.

मी दार ढकललं. आत मिस्त्री उकिडवे, डोळे मिटलेले. मला पाहून उठायला गेले आणि लॉरीला धरून उभे राहिले. “या डाक्टर! बघा, तुमच्यासारखी शेड केली. आवाज कसा निस्ता सोन्यासारखा आयकू येतो.” त्यांची बायको एका डब्यावर बसली होती. शेजारी तांब्यात कोकमाचं पाणी. मला म्हणाली, “दार लावा डाक्टर, थंडी येते.”

“तुम्ही इथं काय करता?” मी विचारलं.

“तुमीच बोल्लेलाव ना, ह्यांना एकटा सोरू नका. पित्ताचा डोका दुखतंय ह्यांचा रोज. परत परले तं? म्हनून सोबतीला बसतंय.” मग वर पाहून ती कौतुकानं म्हणाली, “आन् पोरीला पन हितंच बरा वाटते. घरान लय ररते. हितं इंजिन चालू झाला का गुमान झोपते.”

मी वर पाहिलं. शेडच्या आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. झोळीत हात घालताना माझी बोटं लुगड्यात अडकली. पोर गरम होती. मान लुळी पडली. मी बाहेर धावलो. लॉरी ड्रायव्हर उठून उभा राहिला. उजेडात त्या चार महिन्यांच्या मुलीचे गाल पाहिले. ते लाल होते. मी तिच्या तळव्यांवर चापट्या मारल्या, तिच्या तोंडात फुंकर घातली, तिला उलटं केलं, सुलटं केलं, आणि डॉक्टरनं करू नये असं सगळं करत रडत होतो. मग ती रडली. बारीक, मांजराच्या पिल्लाएवढं. मी तिला छातीशी धरून गाडीच्या पायरीवर बसलो.

“इंजिन बंद करा! बाहेर या! दोघंही बाहेर या!” मी किंचाळत होतो.

ते आले. दोघंही भेदरलेले. मिस्त्री पडवळासारखे हलत होते. मी सांगायला लागलो, आणि एकदा लागल्यावर थांबता येईना. की हे पित्त नाही. कधीच नव्हतं. इंजिनाच्या धुरात विष असतं, त्याला रंग नाही, वास नाही, ते बंद जागेत साठतं आणि माणसाला झोपवतं. की माझ्या तबेल्यात तेच झालं होतं. की दारं बंद करायची अक्कल माझी, आणि उपासाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मिस्त्री ऐकत होते. डोळे उघडे ठेवून ऐकताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. माझं संपल्यावर त्यांनी पोरीकडे पाहिलं. मग विचारलं, “तुमाला हा कवा समजला, डाक्टर?”

मी म्हणू शकलो असतो, आत्ताच. पोरीचे गाल पाहिले तेव्हा. त्यांनी विश्वास ठेवला असता. मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला होता.

“त्याच दिवशी,” मी म्हणालो. “तुम्हाला अंगणात ओढलं तेव्हा.”

त्यांच्या बायकोनं पुढे होऊन माझ्या हातातून पोर काढून घेतली. ओढून नाही, हळूच, जसं परक्याच्या हातातून घेतात तसं. मी म्हणालो, गाडीत बसा, मी दवाखान्यात नेतो, हिला आज नजरेखाली ठेवायला हवं, तुम्हा दोघांनाही. ती म्हणाली, “तुमी नको. आमी कल्यानला नेताव.” तिचा आवाज चढला नव्हता.

लॉरी ड्रायव्हरनं लॉरी शेडबाहेर काढली. ती तिघं पुढे बसली. लॉरी कल्याणच्या रस्त्याला लागली. मी उघड्या शेडसमोर उभा होतो. चूक माझी, चिडलो मात्र मी त्या झोळीवर, त्या गोणपाटाच्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्या मी एकेक करून उपटल्या आणि रस्त्यावर फेकल्या. बोटांना खिळे लागले. डोंबिवलीचा पेशंट त्या दिवशी माझी वाट बघत राहिला.

कल्याणला तेव्हा माझा कॉलेजातला एक मित्र प्रॅक्टिस करत होता. आठवड्यानं तो काही कामासाठी ठाण्याला आला तेव्हा माझ्याकडे डोकावला. मी त्याला काही विचारायच्या आत त्यानंच विषय काढला.

“अरे, तुझ्या त्या मानपाड्याच्या मिस्त्रीला मानलं बुवा. पोरीला घेऊन आला आणि येतानाच निदान घेऊन आला. ‘हिला गाडीचा धूर लागलाय, आम्हालाही लागलाय.’ अगदी बरोबर! अशी केस मी पुस्तकाबाहेर पाहिली नव्हती. मला सुचायला निम्मा दिवस गेला असता, आणि तेवढा वेळ त्या पोरीकडे नव्हता. आता छान आहे ती. मी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाला, ‘ठान्याच्या डाक्टरला पैल्यापासून म्हाईत व्हता.’ दोनदा म्हणाला. खेड्यातल्या माणसाच्या तोंडून डॉक्टरचं एवढं कौतुक मी तरी कधी ऐकलं नव्हतं.”

चहा घेऊन माझी बायको तेवढ्यात बाहेर आली होती. तिनं कप ठेवले आणि ती तिथंच उभी राहिली, मी काय बोलतो ते ऐकायला. मित्रानं उठून माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली.